हाक मारल्यावर

“पण ती आत्ता नेमकी आहे कुठे?”

मोडकसर खाडीकाठच्या दर्ग्यात आले आणि टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं. चाळीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. उत्तरं द्यायची सवय, विचारायची नाही. त्यामुळे प्रश्नही दम दिल्यासारखा बाहेर पडला.

नूरशा फकीर चिंच फोडत बसले होते.

“कोण?”

“माझी बायको. दोन वर्षं झाली जाऊन.”

फकिरांनी पुढची चिंच उचलली.

“ती वसईची ख्रिस्ती,” सर म्हणाले. “तिच्या धर्माप्रमाणे ती कबरीत विसावली आहे, शेवटच्या दिवशी उठेल. माझ्या शास्त्राप्रमाणे एव्हाना तिचा दुसरा जन्म झाला असेल. रस्त्यात कडेवरचं एखादं पोर माझ्याकडे बघून हसलं, की माझे पाय तिथेच थबकतात. आणि मग त्याच पायांनी मी कबरस्तानात जाऊन बसतो.”

“फादरना विचारलंत?”

“फादरना, शास्त्रीबुवांना, सगळ्यांना विचारलं. जो तो आपल्याच घरची वाट दाखवतो. दोन्हीकडचे ग्रंथ मी त्यांच्याहून जास्त वाचलेत!”

“मग इथे कशाला आलात, मास्तर?”

सर तिथेच खाली टेकले.

“डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत,” ते म्हणाले. आवाज उतरला होता. “मुलगी म्हणते, अप्पा, दहन की दफन, एवढं तुम्हीच सांगून ठेवा. दहन म्हणालो तर ती तिथे मातीत झोपलेली आणि मी भलतीकडेच. दफन म्हणालो तर जन्मभर शिकवलं ते खोटं. चुकीच्या वाटेने गेलो तर ती भेटायची नाही, बाबा. मला मोक्ष नको. मला ती हवी आहे.”

चिंच फोडणं थांबलं.

“नाव काय बाईंचं?”

“माहेरचं सेसिलिया. लग्नात माझ्या आईने ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहायला लावलं. शालिनी. मीच लिहिलं. तिने वाचलं आणि हसली. आता कबरीवर सेसिलिया आहे आणि आमच्या दारावर शालिनी.”

“आणि तुम्ही काय म्हणायचात?”



“मी... नाव घ्यायचो नाही. आमच्यात तशी रीत नव्हती. कॉलेजातून आलो की दारातूनच ‘अगं’ म्हणायचो.”

“त्या कुठे असायच्या?”

“कधी स्वयंपाकघरात, कधी मागे विहिरीवर, कधी तिच्या मरियामातेच्या तसबिरीपुढे. मला काय ठाऊक असायचं?”

“ठाऊक नसताना हाक मारायचात?”

सरांनी मान डोलावली.

“मग मारा.”

“इथे?”



सरांनी आजूबाजूला पाहिलं. दोन बाया नळावर घागरी भरत होत्या. एवढा विद्वान माणूस, पण कानांपर्यंत लाल झाला.

“अगं...”

हाक काही फार लांब गेली नाही. पण हाक मारून झाल्यावर सर थांबले. मान जराशी कलती, कान आत लागलेला, दारात उभे राहत असतील तसे. समोर खाडीला भरती लागली होती. तेवढंच होतं समोर. सरांच्या डोळ्यांना धार लागली.

“नाही आली,” ते म्हणाले.

“तेव्हा लगेच यायच्या?”

“नाही... जरा वेळ लावायची. हातातलं काम टाकायची, पदराला हात पुसायची, मग यायची.”

फकिरांनी पुढची चिंच उचलली.

“मग पुसू द्या की त्यांना हात.”