तेराचा भागाकार

बाहेर कबड्डीच्या फायनलला जायची जीप हॉर्न मारत होती, अन् कारखानीस सरांनी मला फळ्यापाशी अडवून धरलेलं.

"तेराचा पाढा येत नाही अन् निघालाय कप्तान! वीस आकडी संख्या लिही. तेरानं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाहीतर जीप तुझ्याविना जाईल."

मी खडू उचलला. तेवढ्यात जीप सुरू झाली.

मी भराभर लिहिलं: १३१३१३१३१३१३१३१३१३१३.

सर फणकाऱ्यानं भागाकार करायला लागले. दरवेळी तेराच खाली उतरले. शेवटी बाकी शून्य!

"कुणी शिकवलं रे हे?"

"तुम्हीच, सर. तेरा एके तेरा एवढंच पाठ झालंय. तेच दहादा लिहिलं," म्हणत मी खिडकीतून उडी मारली अन् जीप गाठली.