कोरी प्लेट

"मग बाई, वॉर्ड माझ्याकडेच येणार ना?"

असं विचारत डॉ. शार्दूल घैसासने काचेच्या दोन प्लेटी डॉ. अमोलिकबाईंच्या टेबलावर ठेवल्या. बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. भाजलेल्यांचा हा वॉर्ड त्यांनीच उभा केला होता, आणि तो कुणाच्या हाती द्यायचा हेही त्याच ठरवणार होत्या.

शार्दूल हुशार होता. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांना तो स्वतःच सांगत असे.

पेशंटचं सगळं आटोपलं की अंगातला गाऊन टाकण्याआधी त्याची पुढची बाजू जंतूंचं खाद्य पसरलेल्या अशा प्लेटीवर दाबायची. गाऊनला लागलेले जंतू दोन दिवसांत ठिपके होऊन दिसतात. बाईंची प्लेट ठिपक्यांनी भरली होती. शार्दूलची कोरी होती.

"अख्ख्या वॉर्डात अशी प्लेट माझी एकट्याची," तो म्हणाला.

बाईंनी आपली प्लेट उजेडात धरली. दारातली रांगोळी बघावी तशा कौतुकाने बघत राहिल्या...

शार्दूलला त्यांची कीव आली.

"चल," त्या म्हणाल्या.

गुऱ्हाळावर उकळता रस उडून पाठ भाजलेले बापू खाटेवर खाली घसरले होते. असं पडून राहिलं तर छातीत कफ साठतो, आणि त्या वयात तो जिवावर बेततो. दोघांनी मास्क, नवे गाऊन, हातमोजे चढवले. बाईंनी शार्दूलला सांगितलं, बापूंना उठवून बसव.

त्याने सवयीने सिस्टरला हाक मारली.

"तू," बाई म्हणाल्या.

तो वाकला. पण धरायचं कुठे? पाठीला तर हात लावायचा नव्हता...

बापूंनी हात पुढे केले. शार्दूलला ओलांडून, बाईंकडे.

बाईंनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना छातीशी घेतलं. बापूंची हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकली. बापू खोकले, मोकळे झाले.

बाईंच्या गाऊनवर ओला डाग उमटला होता. त्यांनी तो तिथेच उतरवला, उलटा गुंडाळून पिवळ्या डब्यात टाकला, हात धुतले. डोळ्यांतला अभिमान मात्र त्यांनी लपवला नाही.

शार्दूल ओशाळला, पण क्षणभरच. त्याच्या गाऊनची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"बघा बाई. आताही एक ठिपका उठायचा नाही."

"नाहीच उठायचा... जंतूंना तू सापडला नाहीस, शार्दूल. पेशंटला तरी सापडलास का?"