आठल्यांचे अखंड टेबल

मिरजेचे विश्वनाथ केशव आठल्ये, वय वर्षे एकाहत्तर, सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत साऱ्या गल्लीचे न्यायाधीश होते. गुडघ्यांमुळे त्यांच्या पत्नीला पाटावर बसवत नसे. ती ओट्याशी उभ्यानेच जेवी. म्हणून सून सुनीती आठल्यांना जेवणाचे टेबल घेण्यासाठी दुकानात घेऊन आली.

"फळी एकच! एकाचे खरकटे सर्वांना लागणार," आठल्ये गरजले. "माणसागणिक करवतून द्या!"

"काका, मग ते उभे कसे राहील?" दुकानदार गांगरला.

सुनीती शांतपणे म्हणाली, "मामंजी, मग आधी जमीन करवतून घेऊ. आपण जिच्यावर पाट मांडता, तिच्यावरच सारी मिरज जेवते. तीही अखंडच आहे."

आठल्यांनी पायांखालच्या फरशीकडे संशयाने पाहिले आणि टेबल अखंडच घेतले.

त्या दिवसापासून सासूबाई सर्वांबरोबर बसून जेवू लागल्या.