माथ्याचं वय

"खडकाचा तळ साडेतीनशे वर्षांचा. चार वर्षं इकडे किंवा तिकडे. यात खोटं काय आहे, बाई?"

डॉ. हृषीकेश तोरसकर कंपनीच्या गाडीतून उतरला तो हेच विचारत.

ताम्हनकर बाई पडवीत बसल्या होत्या. प्रवाळाचं वय काढायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. समुद्रातलं युरेनियम प्रवाळाच्या सांगाड्यात अडकतं, सावकाश त्याचं थोरियम होतं. किती झालं ते मोजलं की वय कळतं.

दुसऱ्या दिवशी जनसुनावणी होती. कंपनीला धक्का बांधायचा होता आणि त्यासाठी भूशिराजवळचा प्रवाळखडक फोडायचा होता. खडक केव्हाच मेलेला आहे, असं तोरसकरने अहवालात सहीनिशी सांगून टाकलं होतं. आता फक्त बाईंनी तोंड उघडू नये, एवढंच हवं होतं.

"तुमच्यासाठी आणलंय," म्हणत त्याने एक तुकडा पुढे केला. खडकाच्या माथ्याचा काप. पॉलिश केलेला, लाकडी बैठकीवर बसवलेला.

बाईंनी तो नाकाशी नेला.

"घाण येतेय."

"समुद्रातलाच ना, बाई. जाईल चार दिवसांत."

"अहवालात वाढीचा वेग दिलायस?"

"दिलाय की! उंची साडेतीन मीटर, वय साडेतीनशे. वर्षाला एक सेंटिमीटर. तुमचाच विद्यार्थी आहे मी."

"माथ्याचं वय काय धरलंस?"

"शून्य. आपण नेहमी..."

तो थांबला.

"शून्य म्हणजे?"

"...आजचं."

"म्हणजे परवा ड्रिल लावलंस तेव्हा?"

"...वाढत होता."

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तोरसकरने घाम पुसला. मग त्याचा चेहरा खुलला.

"बरं झालं, तुमच्या लक्षात आलं. उद्या तिथे कुणी पकडलं असतं तर अब्रूच गेली असती. सुनावणीआधी दुरुस्त करतो."

"काय दुरुस्त करतोस?"

"वेग काढून टाकतो."



बाई उठल्या. निवृत्तीनंतरही त्यांची मोजमापं चालूच होती, त्यामुळे पडवीत समुद्राच्या पाण्याची बादली कायम भरलेली असे. त्यांनी तुकडा बैठकीवरून उपटला आणि अलगद त्या पाण्यात सोडला.

तोरसकरला हसू आलं.

"आता काय उपयोग, बाई? मेलाय तो."

"वय नको," बाई म्हणाल्या. "मेल्याची तारीख सांग."