राजाक्काचा पाय

“पण सर, गणितात मोडत नाही, तर प्रत्यक्षात का मोडावा?”

सुयोग मगदूम हे विचारत होता तेव्हा त्यानं बनवलेला काळा पाय सरांच्या टेबलावर, कागदांच्या शेजारी उभा होता. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाला लावायचा पाय. कार्बनचे धागे, राळ आणि त्या राळेत मिसळलेलं ग्राफीन.

ग्राफीन म्हणजे पेन्सिलीचं शिसं सोलत सोलत अगदी एका थरापर्यंत गेलात, तर जे उरेल ते. डोळ्यांना दिसत नाही, पण ताकदीत पोलादाला ऐकत नाही. सुयोग आणि मी, दोघं हेरवाडे सरांचे विद्यार्थी. मी प्रयोगशाळेतल्या शेजारच्या ओट्यावर भांडी विसळत होते आणि कान अर्थातच इकडे होते.

सुयोगला चाचणीच्या कागदावर सही हवी होती. सरांची सही झाली की सोमवारी तो पाय अकिवाटच्या राजाक्काला बसणार होता. दोन म्हशी, एक पाय आणि एक कुबडी, असा त्या बाईचा संसार. सुयोगनं तिला शब्द देऊन टाकला होता. सरांना न विचारता.

“मोडेल असं मी म्हटलंय का?” सर म्हणाले.

“सहीपण करत नाही तुम्ही.”

“वाचतोय.”

…

सुयोग हुशार. खोटं कशाला बोलू, आमच्यात सगळ्यात हुशार. संगणकावर त्यानं त्या पायाचं असं मॉडेल बांधलं होतं की राजाक्का घसरली, पळाली, म्हशीनं ढुशी दिली, तरी कुठं किती ताण येतो ते रंगात दिसायचं. पण हुशारीबरोबर तोराही आला होता. एखादा नमुना मॉडेलप्रमाणे वागला नाही, तर हा बाबा त्या नमुन्यावरच चिडायचा.

“या दोन पट्ट्या बाजूला का काढल्यास?” सरांनी विचारलं.

“लवकर तुटल्या. जबड्यात तुटल्या, सर.”

हा आमचा नियम आहे. मालाची पट्टी दोन्ही टोकांना जबड्यात पकडायची आणि यंत्रानं ती तुटेपर्यंत ओढायची. जबड्यातच तुटली तर दोष पकडीचा, मालाचा नाही. ती पट्टी मग मोजत नाहीत. नियम बरोबर आहे, आणि अडचणीच्या वेळी फार सोयीचाही आहे.

“जबड्यात?”

“जबड्याजवळ.”

“किती जवळ?”

सुयोगनं चष्मा काढून पुसला.

“जवळच, सर.”

“खेड्यात वाट विचारली की म्हणतात ना, हे काय, जवळच… आणि मग माणूस चालतोय चालतोय. तसलं जवळ दिसतंय हे. आण ते तुकडे.”

तुकडे आले. सरांनी भिंगाखाली धरले. बराच वेळ बघितले आणि मग भिंग सुयोगकडे सरकवलं. मीही ओले हात पुसत डोकावले. तुटलेल्या तोंडाशी एक काळी गुठळी होती.

ग्राफीनची पानं एकमेकींना सोडायलाच तयार नसतात. कितीही ढवळा, कितीही कंपनं द्या, लग्नघरातल्या बहिणींसारखी ती कुठंतरी कोपऱ्यात गोळा होतात. आणि जे बळ यावं म्हणून घातलं, त्याचीच गुठळी झाली की माल तिथूनच जातो.

“एखादी राहतेच, सर,” सुयोग म्हणाला. “या पायात ती नसेलही.”

“नसेलही.”

“मग?”

“असेलही.”

“शक्यता फार कमी आहे. तुम्ही मॉडेल बघितलंत ना?”

“बघितलं. सुंदर आहे.” सर हे मनापासून म्हणाले. त्यांना खोटं कौतुक कधी जमलंच नाही. “पाना दे तो.”

“कशाला?”

सर खाली वाकले आणि त्यांनी डाव्या पायाची पँट वर सरकवली.

सरांचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा आणि रबराचा आहे हे साऱ्या कॉलेजला ठाऊक होतं. तरुणपणी मोटारसायकलचा अपघात झाला होता. त्याबद्दल कुणी बोलत नसे. जिन्यात कुणी मदतीला हात पुढं केला, तर सर असे काही बघत की तो हात मुकाट्यानं खिशात जाई. आणि आज ते आमच्यासमोर बसून पायाचा बोल्ट सोडवत होते. मला कुठं बघावं कळेना.

“तुम्ही लावणार, सर?”

“का? राजाक्काचाही डावाच पाय, आणि तिचं माप नि माझं माप सारखंच आहे. वजनही माझं तिच्यापेक्षा जास्त नसेल. म्हशीचं दूध नाही पीत मी.”

सुयोगचा चेहरा असा काही फुलला. तो गुडघ्यावर बसला, सरांच्या हातातून पाना घेतला आणि स्वतः बोल्ट आवळला. पुन्हा एकदा आवळला. मग आणखी एकदा.

सर उठले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. दारातून बाहेर व्हरांड्यात गेले, टोकापर्यंत गेले, वळले.

“अरे, हा ढकलतो की पुढं.”

“टाचेतून ताकद परत मिळते, सर. तशीच रचना केलीय.”

“इतकी वर्षं ओंडका ओढत होतो रे मी…”

माझे तर डोळेच भरून आले. सुयोग हसत होता, लहान पोर हसतं तसा, आणि त्या घटकेला मला त्याचा जराही राग नव्हता.

“जिना उतरून बघू,” सर म्हणाले.

आम्ही तिघं जिन्यापाशी आलो. सर पहिली पायरी उतरले. दुसरी उतरले. आणि थांबले.

“हे काय?”

सुयोगनं सरांचा दंड धरला होता. नुसता धरला नव्हता, गच्च पकडला होता. स्वतः एक पायरी खाली जाऊन दुसरा हात त्यानं सरांच्या पुढ्यात आडवा धरला होता. त्याला ते आत्ताच कळलं असावं, कारण तो स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला.

“काही नाही, सर. सहज.”

“शक्यता फार कमी आहे ना?”

“हो.”

“मग सोड.” सरांनी खिशातून पेन काढलं. “आण कागद. तुझा हात सुटला की इथंच सही करतो, भिंतीला कागद लावून.”

…

कागद सुयोगच्या काखेत होता. पेन उघडं होतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला तरी चहाला हाका मारत होतं.

हात सुटला नाही.

“सोड की.”

“नाही सुटत, सर.”

“सोमवारपासून राजाक्काच्या मागं मागं गोठ्यात जाणार आहेस का, असाच धरून?”

सुयोगची बोटं सरांच्या शर्टात रुतली होती. मग तो खाली मान घालून म्हणाला,

“त्या पट्ट्या जबड्यात तुटल्या नव्हत्या, सर. मधोमध तुटल्या होत्या.”

“हं.”

“मला खरंच वाटलं, पट्ट्याच चुकल्या. मॉडेल इतकं नीट बसलं होतं…”

“बसलंय. अजूनही सुंदरच आहे ते.”

“आज अकिवाटला जातो. सांगतो तिला, सोमवारी नाही म्हणून.”

“शिव्या देईल.”

“देऊ दे.” त्यानं नाक ओढलं. “सगळ्या पट्ट्या नव्यानं बनवून ओढतो. लवकर तुटलेल्या आधी मोजतो. आणि पाय यंत्रावर चालवतो, मोडेपर्यंत. कुठं मोडतो ते कळल्याशिवाय तुमच्याकडे सही मागायला येत नाही.”

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. मग त्याच हातानं सुयोगच्या पाठीवर एक थाप मारली. इतक्या वर्षांत मला एकदाही मिळाली नाही तशी थाप. हेवा वाटला, सांगून टाकते.

“थांबा सर, हलू नका,” सुयोग म्हणाला. “बसा इथंच पायरीवर. ताई, पाना आण गं लवकर. हा पाय आधी काढून टाकू.”

सर बसले नाहीत. त्यांनी डावा पाय उचलला, तिसऱ्या पायरीवर ठेवला आणि सगळा भार त्याच्यावर टाकला.

“आता कशाला काढू?” ते म्हणाले. “आत्ता कुठं माझा तुझ्यावर विश्वास बसला.”