पिंगलाचे ‘काही नाही’

फार पूर्वी शिलावती नगरीत उग्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगराकडेच्या एका गावी मध काढणाऱ्यांचा नायक होऊन जन्मला होता.

त्या गावाचा रिवाज असा, की पोळ्यातला मध काढायला कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेहुण्याने धरायचा. बहिणीचे कुंकू कोणता भाऊ हातातून निसटू देईल? त्याआधी नायकाने विचारायचे, ‘मनात काय आहे?’ आणि उतरणाऱ्याने खरे ते सगळ्यांदेखत सांगायचे. कुणी बायकोशी भांडून आलेला असे, कुणी करपलेला भात खाऊन. सगळे त्याची थट्टा करीत आणि मग त्याला खाली सोडत.

एके दिवशी राजाचा अंमलदार आला. संध्याकाळपर्यंत घडाभर मध मिळाला नाही तर हा कडा शेजारच्या गावाला जाईल, असे त्याने बजावले. पिंगल कमरेला दोर बांधून पुढे झाला. त्याच्या तोडीचा गडी गावात दुसरा नव्हता. मागल्या हंगामात त्याचा धाकटा भाऊ याच कड्यावरून पडून मेला होता. ज्या पोळ्यापाशी त्याचा पाय निसटला, तिथवर दोर पोहोचत नसे. अर्ध्यात कमरेचा दोर सोडायचा आणि ते पोळे उपटायचेच, हे पिंगलाने कधीचे ठरवून टाकले होते.

‘मनात काय आहे?’ बोधिसत्त्वाने विचारले.

‘काही नाही.’

त्याचा मेहुणा तिष्य चमकला. त्या कड्यावर असे उत्तर आजवर कुणी दिले नव्हते.

‘गाठ सोड,’ बोधिसत्त्व म्हणाला.

पिंगलाचे माथे भडकले. ‘मी काय भ्यालोय, नायक?’

‘भ्याला असतास तर खुशाल उतरू दिलं असतं. भ्यालेला माणूस पाय जपून टाकतो. आज तुला जिवाची भीतीच नाही रे बाबा, म्हणून ती मला वाटते.’

‘कडा जाईल!’ अंमलदार ओरडला.

‘जाऊ दे. पिंगल, गाठ सोड.’

आवाज चढला नाही, पण ढळलाही नाही. आपल्या एकट्यासाठी हा माणूस साऱ्या गावाच्या घासावर पाणी सोडतो आहे, हे पिंगलाला कळले आणि गाठ सोडून तो खाली बसला. ‘भाऊ गेला नि ते पोळं वाढतंय,’ तो म्हणाला. ‘मला बघवत नाही.’ मग तो पोटभर रडला. तिष्याने त्याला जवळ धरून ठेवले.

उन्हे कलल्यावर पिंगल उठला.

‘आता मनात काय आहे?’

‘भीती वाटते. उतरेन, पण जवळच्याच पोळ्यांपर्यंत.’

बोधिसत्त्वाने स्वतः त्याच्या कमरेला दोर बांधला. पिंगल उतरला, त्या दूरच्या पोळ्याकडे त्याने एकदा पाहिले आणि तो वर आला. घडा अर्धाच भरला होता.

अंमलदाराने कडा काढून घेतला. गावाने दुसरा डोंगर धरला आणि बरीच वर्षे ओढगस्तीत काढली, पण नायकाला कुणी बोल लावला नाही. पिंगल म्हातारा होऊन अंथरुणावर वारला. मध काढणाऱ्याला असे मरण क्वचितच येते.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, ‘भिक्षूंनो, शोकाच्या भरात देह झिजवायला निघालेला हा तुमच्यातला भिक्षू, तोच तेव्हाचा पिंगल. तिष्य म्हणजे माझा शिष्य आनंद, आणि नायक मी होतो. सगळे हातचे जात असतानाही एका माणसाचा जीव पणाला न लावण्याचा जो निश्चय, त्याची परिपूर्णता म्हणजे अधिष्ठान पारमिता.’