गाळलेलं रानवर्ष

खूप खूप वर्षांमागची गोष्ट आहे बरं का. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे. पण मोठ्यांनो, कान मात्र तुम्हीच जास्त उघडे ठेवा, कारण या गोष्टीतली चूक लहानांची नाही.

एका राज्यात एक वैद्यशाळा होती. तिथले गुरुजी विद्वान होते आणि मनानेही चांगले होते. नुसतेच विद्वान असते, तर मी त्यांच्यासाठी हळहळत बसलो नसतो. आपल्या हाताखालचं पोर उपाशी राहता कामा नये, असं त्यांना मनापासून वाटायचं.

त्या शाळेची एक जुनी रीत होती. पोथ्या पाठ झाल्या की शेवटचं वर्ष रानात काढायचं. त्याला रानवर्ष म्हणत. गुरुजी पुढे आणि शिष्य मागे. झाड उगवताना बघायचं, फुलताना बघायचं, मुळी खणायची, वाळवायची, कुटायची. पायात काटे मोडायचे, पिंढरीला जळवा चिकटायच्या, आणि घरची माणसं वाट बघून कंटाळायची.

रानवर्ष संपलं की राजवाड्यात परीक्षा. तिथे भिंतभर खणांचं कपाट होतं. राजवैद्य एकेक खण ओढायचे, वाळकी मुळी नाहीतर साल हातावर ठेवायचे आणि विचारायचे, "हे काय? कशावर देशील?" बरोबर सांगितलं की नेमणूक पक्की. गावोगाव वैद्य हवेच असत.

एके सकाळी शिष्यांचे आईबाप शाळेच्या ओसरीवर येऊन बसले.

"गुरुजी, राग मानू नका," एक बाप म्हणाला. "परीक्षेत विचारतात ते कपाटातलं. मग तुम्ही पोरांना रानात कशाला हिंडवता?"

"पलीकडच्या पेठेत एका पंडितानं शिकवणी काढलीय," एक आई म्हणाली. "तो नुसतं कपाट शिकवतो. त्याची पोरं केव्हाच नोकरीला लागली. आमचा बाळ्या अजून जळवाच उपटतोय!"

गुरुजींजवळ उत्तर होतं. परीक्षा एका दिवसाची आणि काम जन्माचं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण समोरची माणसं काही पाप मागत नव्हती. पोर पोटापाण्याला लागावं असं वाटणं वाईट का? मुळीच नाही. शिवाय शाळा ओस पडेल ही धास्ती होतीच. गुरुजींनी होकाराची मान डोलावली. अहो, ती मान त्या दिवशी ताठ राहायला हवी होती!

सुतार आला. राजवाड्यातल्यासारखंच कपाट शाळेत उभं राहिलं. रानवर्ष बंद झालं.

आणि काय सांगू, पोरं धडाधड नोकरीला लागू लागली. गुरुजींनी दारात नगारा ठेवला. नेमणूक झाली की नगारा वाजायचा, पेढे वाटले जायचे, आणि गुरुजी भरल्या ताटावरून उठून बाहेर यायचे. नगाऱ्याची चटक वाईट. एकदा लागली की दुसरं काही ऐकू येत नाही.

त्या शाळेत एका कोष्ट्याची मुलगी शिकत होती. भारी हुशार. डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायची, ही सोनमुळी, हा वाळा, ही अमकी साल. परीक्षेत ती पहिली आली. नगारा वाजला, आणि नदीपलीकडच्या डोंगरातल्या एका गावावर तिची नेमणूक झाली. औषधांची पेटी बैलगाडीत घालून ती निघाली.

गावच्या पाटलीणबाईंनी तिला आपल्याच घरात ठेवून घेतलं. पाटलीणबाई तोंडाने फटकळ, पण मायाळू. मूलबाळ नव्हतं. पोरीचं त्यांना कौतुक होतं.

"आगं वैदीणबाई," त्या म्हणायच्या, "लोकांच्या नाड्या बघतीस, जरा सोताकडं बघ की! हाडं मोजून घ्यावी तुजी. बस, भाकरी खा आधी."

"मावशी, आता पोटात जागा नाही हो!"

"जागा न्हाई म्हणं! औषधाला हाय वाटतं?"

पोरीला आई लहानपणीच गेली होती. तिला ते घर आपलं वाटू लागलं.

पावसाळ्यात गावात वाईट ताप आला. त्या तापावर उतारा एकच, सोनमुळीचा काढा. पोरीने पेटीतली सोनमुळी काढली आणि घरोघर काढा दिला. एकेक माणूस उठून बसू लागलं. पाटलीणबाई रात्रंदिवस आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या, त्यांचं हगणंमुतणं काढलं. आणि पेटीतली सोनमुळी संपल्यावर ताप त्यांनाच चढला.

नदी दुथडी भरलेली. नाव चालेना. राजधानीहून औषध येणार कसं?

"पोरी, इथल्या रानात सोनमुळी नाही का?" पाटलांनी विचारलं.

"आहे, पाटीलबाबा. पोथीत लिहिलंय, याच डोंगरात होते."

"मग आण की!"

पोर रानात शिरली, आणि जागच्या जागी थबकली. सगळं हिरवंगार. तिला सोनमुळी ठाऊक होती ती खणातली, पिवळीधमक, उग्र वासाची. तिचं पान कसं, वेल की झुडूप, काही ठाऊक नव्हतं. तिने दिसेल ते रोप उपटलं, मूळ हुंगलं, चावून पाहिलं. नखं रक्ताळली. टोपलीभर मुळं आणून तिने चुलीपाशी निवडली. एक मूळ पांढरंफेक होतं, त्याला कसलाच वास नव्हता. 'हे नव्हे' म्हणत तिने ते कोपऱ्यात टाकलं. बाकीचीही तिथेच टाकली आणि पुन्हा रानात पळाली.

ती रिकाम्या हाती परतली, तेव्हा पाटलीणबाईंनी तिचा हात धरला. आवाज खोल गेला होता.

"रडू नगं गं. तू काय कमी धावलीस व्हय?"

एवढं बोलून त्या गेल्या. पोरीने हंबरडा फोडला, तो साऱ्या गावाने ऐकला.

सुतक फिटल्यावर ती घर झाडायला लागली. चुलीच्या कोपऱ्यात केरसुणी घातली आणि एकदम तिला वास आला. उग्र, ओळखीचा. टाकून दिलेलं ते पांढरं मूळ चुलीच्या धगीने वाळून पिवळंधमक झालं होतं. ती सोनमुळी होती. ओली असताना ती पांढरी आणि बिनवासाची असते, हे रानात गेलेल्या कुठल्याही शिष्याला पहिल्याच पावसाळ्यात कळलं असतं.

नदी उतरताच पोर गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. तिने मूळ त्यांच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"मी हातात धरून फेकून दिलं, गुरुजी," ती म्हणाली. "नोकरी तुम्ही मिळवून दिलीत, तुमचे उपकार आहेत. पण ते काम करायचं कसं, हे मला कोण शिकवणार होतं?"

गुरुजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तू चुकली नाहीस, बाळ," ते म्हणाले. "मी चुकलो. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो."

त्यांनी रानवर्ष पुन्हा सुरू केलं. त्याच आठवड्यात बहुतेक आईबाप पोरं उचलून पलीकडच्या पेठेत गेले. उरलेल्या मोजक्या शिष्यांना आणि त्या पोरीला घेऊन गुरुजी रानात गेले. पण इतकी वर्षं कपाटासमोर बसून त्यांचेही डोळे आंधळे झाले होते. एका रोपापाशी ते थांबले, पुष्कळ वेळ बघत राहिले, आणि त्यांना नाव आठवलं नाही.

ते तिथेच दगडावर टेकले. "पोरी," ते हळूच म्हणाले, "मी नगारे वाजवून जे वैद्य गावोगाव धाडले, त्यांच्याही पेट्या कधीतरी संपतीलच ना गं?"

पोरीने त्या रोपाचं मूळ खणायला घेतलं.

म्हणून सांगतो, नीट ऐका: शिष्याला नोकरी मिळेल एवढंच शिकवू नये, ती निभावता येईल इतकं शिकवावं, नाहीतर गुरूच्या चुकीचं मोल तिसऱ्याच कुणाला तरी जिवानिशी द्यावं लागतं.